भिंतीवरच्या थाळीतला अंडा

मी अंडा बोलून राहिलो. हसू नका. पहिलेच सांगून ठेवतो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. अंड्याले डोकं कुठं असते, असं ज्याले वाटते त्यानं इथंच थांबावं.

मी कोंबडीचा नाही, हरिदासचा आहे. रायपूरले लागून बीरगांव आहे. तिथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या वऱ्हांड्यात, शेवटच्या भिंतीवर एक भली मोठी थाळी रंगवलेली आहे. थाळीत भात, डाळ, लालभाजी, केळं, अन् मधोमध पांढराशुभ्र मी. भिंतीच्या पलीकडून उघडी नाली वाहते. पोट्टे हिंदीत शिकतात. घरी कोणी छत्तीसगढी बोलते, कोणी भोजपुरी, कोणी आपल्यासारखं नागपुरी. हरिदास नागपूरकडचा. रंगवताना त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालते. म्हणून माझ्या कानावर पहिले मराठी पडली, अन् आज शिव्याही मराठीतच येऊन राहिल्या.

हरिदास एकेकाळी दुकानाच्या पाट्या रंगवत होता. फ्लेक्स आले अन् त्याचा ब्रश वाळला. मंग शाळा, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या, जे मिळन ते रंगवायचं. मले मात्र त्यानं मन लावून बनवलं. ऑइलपेंटचा एक हात, वाळू दिला, दुसरा हात. एका बाजूनं जराशी निळसर सावली देल्ली, म्हणजे मी गोल दिसावा. काम झाल्यावर दोन पावलं मागं सरकून म्हणे, "वा रे पठ्ठ्या! आता पोट्ट्याईच्या पोटात जा."

मले ते तेव्हा लय आवडलं होतं. आता आठवलं की अंगाची लाही होते.

थाळी काढायची कल्पना चेतना मॅडमची. बाप रेल्वेत होता, जन्म रायपूरचाच. मराठी सगळी समजते, घरी बोलते बी, पण राग आला की हिंदीत शिरते. पुस्तकात पोषणाचा धडा होता. कार्बोहायड्रेट, प्रोटीन, विटामिन. पोट्टे तो रामरक्षेसारखा पाठ म्हणत अन् मंग वरण पातळ आहे का घट्ट, ते न पाहताच गिळत. मॅडमले ते खटकलं. तिनं एक रीत पाडली. जेवण वाढून झालं की कोणी घास घ्यायचा नाही. मॅडम लांब छडी घेऊन माझ्या भिंतीजवळ उभी राहायची. छडी भातावर.

"चावल?"

पोट्टे आपापल्या थाळीत पाहत. "है!"

"दाल?"

"है!"

"भाजी?"

"है!"

भाजीत नुसतं पाणी असलं तर एखादं आगाऊ पोट्टं ओरडायचं, "पानी है, मैडम!" मंग मॅडम पातेल्यात डोकावून पाहायची. शेवटी छडी माझ्यावर यायची. "अंडा?" सोमवार असो का बुधवार, सगळे एका सुरात, "शनिचर को!" अन् शनिवारी असा "है!" निघायचा की माझ्या खालची पाल पळून जायची.

शनिवारचा अंडा पालकसभेत ठरला होता. जे खात नाहीत त्याईले केळं. माझ्या बाजूले केळं काढलेलं आहे, ते त्यासाठीच. त्याच्याशी माझं कधी भांडण नव्हतं. रांगेत अंडेवाला अन् केळेवाला मांडीले मांडी लावून जेवत. कोणाच्या पोटात दुखलं नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात धर्माचं नाव घ्यायची बी कोणाले गरज पडली नाही. नुसत्या भित्रेपणानं काम झालं.

आता दीक्षाचं सांगतो. माझा जीव तिच्यात अडकला आहे.

दीक्षा चौथीतली पोट्टी. हाताच्या काड्या, दोन वेण्या, रिबिनीचा लाल रंग उडून गुलाबी झालेला. तिची जेवायले बसायची जागा बरोबर माझ्या खाली. शाळेत जेवण रांधते ती अंजनाबाई तिची सख्खी आजी. आईबाप दोघंही सिलतऱ्याच्या कारखान्यात जातात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा नाकातून काळं निघते.

शनिवारी दीक्षा अंडा कसा खायची ते पाहत राहावं. पहिले हातात धरून नुसती पाहायची. मंग वास घ्यायची. पांढरं उंदरासारखं कुरतडून कुरतडून खायची अन् पिवळा गोळा सगळ्यात शेवटी, तोंडात ठेवून, चावायचाच नाही. बाजूची पोट्टी हात धुऊन यायची तरी हिचं तोंड बंदच.

काहून, ते मले अंजनाबाईच्याच तोंडून समजलं. एकदा अंडे सोलता सोलता ती दुसऱ्या बाईले सांगत होती. "घरी रविवारी अंडाकरी करतो न वो. माह्या राकेशले दोन लागतात, तो भट्टीवर उभा राहते. दीक्षाच्या भावाले, यशदीपले एक, पोरगा आहे, वाढतं अंग आहे. सूनबाईले अर्धा. दीक्षाचं काय, पोट्टीले रस्सा बी चालते."

ऐकलं? रस्सा बी चालते! ज्या हातानं शाळेतल्या पोट्ट्याईले अंडे सोलून देते, त्याच हातानं घरी नातीच्या वाटीत लाल पाणी वाढते. अंजनाबाई, मी तुझ्यावर आजही चिडलेलो आहे, हे लक्षात ठेव. म्हणजे पूर्ण आठवड्यात त्या लेकराले एक साबूत, एकटीचा, कोणाले वाटा न द्यायचा अंडा मिळायचा तो फक्त इथं, माझ्या खाली बसून.

अन् तोच बंद पाडला.

बंद कोणी पाडला? आमच्या दिवाकर सरनं. हेडमास्तर. राहतात रायपूरच्या पुरानी बस्तीत, मूळचे वर्ध्याकडचे. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते. सरची एकदा लांब जंगलातल्या शाळेत बदली झाली होती. तवापासून पंख्याचा आवाज झाला तरी त्याईले वरून कोणी बोलावल्यासारखं वाटते.

पंधरा ऑगस्टले शेखर भैया नावाचे एक पाहुणे आले. त्याईचे ट्रक चालतात. शाळेले थंड पाण्याची मशीन देल्ली, त्यावर स्वतःपेक्षा मोठं नाव लिहिलं. झेंडा झाला, बुंदी वाटली, मंग सर त्याईले शाळा दाखवत दाखवत वऱ्हांड्याच्या टोकाले घेऊन आले. "भैयाजी, ये हमारी पोषण थाली. अंडा शनिवार को मिलता है."

शेखर भैया माझ्यासमोर उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. कपाळाले आठ्या पडल्या. खिशातून रुमाल काढला, नाकाले लावला, अन् पाठ फिरवून सरळ गाडीत जाऊन बसले.

सरचा चेहरा उतरला. माझ्याकडे पाहून असे डोळे मोठे केले, जसं मीच काही बोललो. पाहुण्याच्या मागं धावत जाऊन "भैयाजी, काय झालं" एवढं विचारायले काय जात होतं? जीभ झिजली असती का? नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात मॅडमले गाठलं. "चेतना मॅडम, शनिवारचा अंडा बंद."

"काहून सर?"

"वरून आदेश आहे."

"कुठं आहे आदेश? मले दाखवा."

"अहो, सगळं लिहून येते का? कोणाले काय आवडते, काय नाही, आपल्याले कळायले पाहिजे. काल पाहिलं नाही का तुम्ही, भैयाजीनं नाक कसं दाबलं?"

"सर, एक आदमी के नाक दबाने से पूरे स्कूल का अंडा बंद?" मॅडम हिंदीत शिरली.

"मॅडम, तुमची नौकरी नवीन आहे. माझी निवृत्ती जवळ आली. मले शांतीनं जाऊ द्या."

झालं. संपला विषय. पालकाईची सभा नाही, विचारपूस नाही. शनिवार आला. भात, डाळ, भाजी, अन् अंड्याच्या जागी एकेक बिस्किट. मॅडमचा चेहरा दगडासारखा. तिनं छडी उचलली, अन् रोजच्यासारखं सुरू केलं. भात है, दाल है, भाजी है. छडी माझ्यावर आली. "अंडा?"

पोट्ट्याईनं थाळीत पाहिलं. दीक्षानं तर बिस्किट उचलून खाली बी पाहिलं. मंग सगळ्या रांगेनं एकदम आवाज देल्ला. "नहीं है!"

रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. सर ऑफिसातून चप्पल न घालताच धावत आले. "बंद करा! बंद करा ही नारेबाजी!"

"नारा नाही सर," मॅडम म्हणे. "हाजिरी आहे. थाळीची."

लोकाईच्या घरात पोट्टं रडलं तर त्याले खायले देतात. आमच्या सरनं काय केलं? अंडा परत आणता आला असता. पण नाही. ज्या चित्रामुळं पोट्टे ओरडतात ते चित्रच नको. आजारी माणसाले सोडून थर्मामीटर फोडायचं, असा हा प्रकार.

सोमवारी हरिदासले बोलावलं. सरनं घरून, गेल्या दिवाळीचा उरलेला चुना पिशवीत बांधून आणला होता. रंग विकत कोण आणते! हरिदासनं चुना भिजवला, माझ्यासमोर उभा राहिला, अन् उगाच ब्रशचे केस ओढत बसला.

"सर, चांगला आहे न हा. राहू द्या की."

"तू तुझं काम कर हरिदास."

"ऑइलपेंटावर चुना बसत नाही सर. आज बसन, पुढचं सांगता येत नाही."

"पुढचं पुढं पाहू."

अन् माझ्या बापानं, ज्यानं मले सावली देल्ली, ज्यानं मले पोट्ट्याईच्या पोटात जा म्हटलं, त्यानं माझ्या तोंडावर चुन्याचा ब्रश फिरवला. एकदा, दोनदा. वरून थोडी गेरू मिसळून बटाट्यासारखा गोळा काढला. "माफ कर बाबू," असं पुटपुटला. कायची माफी! घरी चूल पेटवायची आहे, मले समजते. पण समजलं म्हणून राग जाते का?

मंग सगळा अंधार. मले फक्त ऐकू यायचं. मॅडमची छडी आता बटाट्यावर थांबायची नाही. सरनं हाजिरीच बंद केली होती. पोट्टे चुपचाप जेवत. त्या काळात सहामाही परीक्षा झाली. प्रश्न आला, प्रोटीन कशातून मिळते. सगळ्या पोट्ट्याईनं लिहिलं, दाल, चना, दूध, अंडा. मॅडम वऱ्हांड्यात बसून पेपर तपासत होती, मोठ्यानं वाचत होती, अन् सर बाजूले उभं राहून म्हणत होते, "वा, पोट्टे तयार आहेत!" कागदावरच्या अंड्याले पूर्ण मार्क. भिंतीवरच्याले चुना. थाळीतल्याले कोणी विचारत नव्हतं.

मंग एक दिवस, थंडी सुरू झाली होती तेव्हा, माझ्या पोटाजवळ काहीतरी खरवडल्यासारखं झालं. खर्र, खर्र. नख होतं. चुना तसाही पापडासारखा सुटून राहिला होता. एक टवका निघाला अन् बारीकसा उजेड आत आला. मले असा आनंद झाला! म्हटलं, कोणाले तरी माझी आठवण आली. कोणीतरी मले बाहेर काढून राहिलं.

त्या छिद्रातून मी पाहिलं. दीक्षा होती. माझी दीक्षा! तिनं टवका बोटावर घेतला, इकडेतिकडे पाहिलं.

अन् तोंडात टाकला.

मले काही समजेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नखानं खरवडायचं, तळहातावर जमवायचं, अन् तोंडात. पाठीवर दप्तर, तोंड भिंतीकडे, अन् दातात कचकच आवाज. ती मले सोडवून नव्हती राहिली. ती मले झाकायचा चुना खाऊन राहिली होती.

अरे, कोणाले तरी ओरडून सांगावं म्हटलं तर भिंतीले तोंड नाही! मी नुसता पाहत राहिलो. छिद्र मोठं मोठं होत गेलं. पोट्टीचे ओठ पांढरे अन् डोळ्याखालचं बी पांढरं. खेळाच्या तासाले बाकीचे पळत, ही खांबाले टेकून बसायची.

त्याच छिद्रातून मी दुसरंही एक पाहिलं, ते सांगतो अन् मंग तुम्हीच सांगा डोकं फिरते का नाही. दिवाकर सर. मधल्या सुटीत वऱ्हांड्याच्या टोकाले, खांबाच्या आड यायचे, माझ्याकडे तोंड, सगळ्याईकडे पाठ. डब्यात दोन उकडलेले अंडे. डॉक्टरनं सांगितलं म्हणे, अशक्तपणा आहे, रोज अंडा खा, पण पिवळं नको. सर पांढरं पांढरं खायचे अन् पिवळा गोळा नालीवरून आत आलेल्या कुत्र्याले टाकायचे. कुत्रा शेपूट हालवायचा. अन् चार हातावर दीक्षा, तोंडात चुना धरून, त्या कुत्र्याकडे पाहायची.

ज्या अंड्यानं भैयाजीचं नाक दुखलं म्हणे, तो सरच्या डब्यात बराबर चालते!

एक दिवस मॅडमनं वर्ग उन्हाले वऱ्हांड्यात आणला, अन् दीक्षाले धडा वाचायले उभं केलं. पोट्टीनं तोंड उघडलं तं जिभेवर चुना. मॅडमनं हात पाहिले. नखात चुना. भिंत पाहिली. भिंतीवर बटाट्याच्या पोटातून डोकावणारा मी. मॅडमनं पुस्तक मिटलं.

त्याच दुपारी मॅडमनं तिले दवाखान्यात नेलं. नर्सनं डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, बोट टोचलं, म्हणे रक्त लय कमी आहे, म्हणून असं माती, चुना खायची इच्छा होते. गोळ्या देल्ल्या. म्हणे, गोळीसोबत डाळ, हिरवी भाजी, अंडा, काहीतरी पोटात जाऊ द्या, नुसत्या गोळीनं किती होणार. हे सगळं मॅडमनं परत येऊन सरले माझ्यासमोरच सांगितलं.

सर पहिले काय बोलले असतील? "पोट्टी बरी आहे का?" छे! भिंतीकडे पाहून म्हणे, "सरकारी भिंत खराब केली. अंजनाबाईले बोलवा."

अंजनाबाई हातात डाव घेऊनच आली. सरनं सुनावलं. "तुझ्या नातीले घरी खायले घालत नाही का? भिंती कुरतडून राहिली शाळेच्या!"

अंजनाबाईचं तोंड एवढंसं झालं. मले वाटलं, झालं, आता ही पाय धरते. मंग ती बोलली.

"घरी मी चुकली सर. पोट्टीले काय लागते म्हणून माह्या हातानं तिले रस्सा वाढला. ते पाप माह्यं. पन इथं? इथं तं तुम्ही वाढणारे होते. माह्या चुलीवरच्या गंजातला अंडा तुम्ही काढला. अन् आता ते भिंत खाते, तं तुम्हाले भिंतीची पडली?"

"नौकरी पाहिजे ना तुले?"

अंजनाबाईनं डावाकडे पाहिलं. चुलीवरचा भात लागून राहिला होता, धूर सुटला होता. ती गेली. दीक्षाले जवळ घेतलं नाही, काही नाही, पदर डोळ्याले लावून चुलीकडे गेली. मले तिची दया आली, अन् दया आली म्हणून अजूनच राग आला.

मॅडमनं दीक्षाची जागा बदलली, जेवणाच्या पहिल्या ओळीत, नजरेसमोर. गोळ्या रोज स्वतः द्यायची. पण छिद्र तं पडलं होतं. बाकी पोट्ट्याईले मजा वाटली. येता जाता एकेकानं नख मारलं. जानेवारी येईपर्यंत बटाटा गळून पडला अन् मी पूर्ण बाहेर आलो, चुन्याच्या कडांसकट.

सव्वीस जानेवारीले शेखर भैया परत आले. सरनं माझ्यासमोर पाहुण्याच्या स्वागताचा बोर्ड उभा केला होता, पण वाऱ्यानं पाडला. जेवणाची वेळ झाली. भैयाजी म्हणे, "चलो, बच्चों के साथ बैठते हैं।" बसले रांगेत. थाळ्या वाढल्या. सर मॅडमकडे डोळे वटारून पाहत होते. मॅडमनं त्याईच्याकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातली छडी उचलली.

"चावल?"

पोट्टे गडबडले. किती तरी दिवसानं हाजिरी होती. एकदोघं हळूच म्हणे, "है."

"दाल?"

"है!"

"भाजी?"

"है!"

छडी माझ्यावर आली. "अंडा?"

सर खोकलले. अन् पहिल्या ओळीतून दीक्षा उभी राहिली. एकटी. बारीक आवाज, पण काय आवाज होता! "नहीं है!"

शेखर भैयानं घास खाली ठेवला. "क्यों नहीं है? पिछली बार तो बताया था, शनिवार को मिलता है। आज बुधवार है, इसलिए?"

"शनिचर को भी नहीं है," एक पोट्टं बोललं. "आप आए थे, तब से नहीं है."

सर हात जोडून पुढं आले. "भैयाजी, वो... आपको अच्छा नहीं लगा था ना. आपने रुमाल..."

"रुमाल?" भैयाजीले आठवेना. मंग आठवलं अन् असे हसले की मशीनच्या पाण्याचा पेला सांडला. "अरे सर! वो तो आपकी नाली! इतनी बदबू थी, उल्टी आ रही थी मुझे. अंडा तो मैं खुद खाता हूँ!"

सगळे हसले. पाहुणे हसले, शिक्षक हसले, अन् सर सगळ्यात जोरात हसले. म्हणे, "गलतफहमी हो गई!"

हसण्यासारखं काय आहे त्यात? मले सांगा! एका रुमालापायी आख्ख्या शाळेचं अर्धं वर्ष बिस्किटावर गेलं. एक पोट्टी भिंत खाऊन राहिली. अन् तुम्हाले हसू येते! ती नाली माझ्या पलीकडून बारा महिने वाहते. नाक दाबायले लावणारी नाली तशीच ठेवली अन् ताकद देणारा अंडा पुसला. पाहुण्याले विचारायची हिंमत नाही, म्हणून लेकराच्या तोंडचा घास काढला. मले नाक नाही, म्हणून मले वास आला नाही. पण सर, तुम्हाले तं नाक होतं!

दुसऱ्याच दिवशी नाली साफ झाली. पांढरी पावडर टाकली. भैयाजी बोलले होते ना!

मॅडम ऑफिसात गेली. "सर, मग या शनिवारपासून अंडा सुरू करू."

सर खुर्चीत मागं टेकले. म्हणे, "असं कसं सुरू करता येईन मॅडम? एकदा बंद झालेलं आहे. आता वरून लेखी आदेश आला पाहिजे."

ऐकून घ्या हे. पुन्हा पुन्हा वाचा. बंद करायले आदेश लागला नाही, एक रुमाल पुरला. सुरू करायले आदेश लागते! मॅडमनं पालकसभा मागितली. ती परीक्षेनंतर, म्हणे. परीक्षेनंतर सुट्या. सुट्यानंतर सर निवृत्त होणार.

त्या शनिवारी अंजनाबाईनं वाढता वाढता पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं अन् दीक्षाच्या थाळीत ठेवलं. उकडलेला अंडा. घरून आणलेला. "बापाच्या वाटचा आहे," म्हणे. "म्या राकेशले सांगतलं, आजपासून पहिला अंडा पोट्टीचा. खाय."

दीक्षानं रांगेकडे पाहिलं. पन्नास डोळे तिच्या थाळीत. पोट्टी उठली, अंडा मुठीत लपवला, माझ्याजवळ आली, अन् सगळ्याईकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून, घाईघाईनं खाल्ला. वास घेतला नाही. पिवळं तोंडात धरून बसली नाही. चोरी केल्यासारखा गिळला. ठसका लागला.

आमच्या शाळेतलं लेकरू अंडा असा खाते, सरसारखा, खांबाच्या आड. हे शिकवलं आपण त्याले.

अन् आज सकाळी सरनं हरिदासले बोलावलं आहे. चांगली बातमी आहे म्हणे! चित्र पुन्हा रंगवायचं. भैयाजी अंडा खातात, मंग भिंतीवर अंडा असायलेच पाहिजे. यावेळी घरचा चुना नाही, नवा डबा आणला, ऑइलपेंटचा, दुकानातला सगळ्यात महागाचा. हरिदास खुश आहे. माझ्यासमोर उकिडवा बसून झाकण उघडून राहिला. म्हणे, "बाबू, तुले असा चमकवतो की पाहत राहतीन लोक."

हरिदास, ऐक. ब्रश खाली ठेव. मले चमकायचं नाही. मले असाच राहू दे, खरवडलेला, चुन्याच्या कडांचा, लाज वाटन असा. पहिले थाळीत येऊ दे, मंग भिंतीवर काढ. मी एवढा गुळगुळीत झालो तं जो तो येईन, फोटो काढीन, अन् म्हणीन, वा, या शाळेत अंडा आहे!

तो ऐकत नाही. ब्रश बुडवला त्यानं.

दीक्षाच्या जुन्या जागी आता पहिलीतली एक नवी पोट्टी बसते. नाव अजून मले माहीत नाही. कालपासून तिचं बोट माझ्या कडेवर आहे. चुन्याचा एक टवका काढून तिनं बोटावर घेतला, इकडेतिकडे पाहिलं.

यावेळचा रंग पक्का आहे म्हणे. नखानं निघत नाही.

मंग ही काय खाईन?